चौकडी ताब्यात कशी आली

चार घोड्यांच्या गाडीत खरी अडचण ताकदीची नसते. एक घोडा उतावीळ, एक कामचुकार, एक स्वतःच्या सावलीला बिचकणारा, चौथा शेजाऱ्याला चावणारा. हाकणारा मात्र एकच. उतावळ्याला आवरायला लगाम खेचावा तर तो आळशालाही बसतो. आळशाला चाबूक दाखवावा तर उतावळाच आधी उधळतो.

रथाचे घोडे तयार करण्याची सर्वांत जुनी तपशीलवार नोंद मितान्नी या प्राचीन राज्यातल्या किक्कुली नावाच्या अश्वप्रशिक्षकाची. इ.स.पू. 14व्या शतकाच्या सुमाराची, आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन हित्ती लोकांच्या हत्तुशा राजधानीत मातीच्या पाट्यांवर सापडलेली. अंतर, वैरण, पाणी, आंघोळ, सगळं दिवसागणिक लिहिलेलं. गंमत म्हणजे फेऱ्यांसाठी त्यात 'ऐकवर्तन', 'पंझवर्तन', 'सत्तवर्तन' असे शब्द येतात. एक, पाच, सात: आपल्याला ते मोजता येतात! स्वभावाचा उपाय तिथे शिस्तीत शोधलेला दिसतो.

रोमन शर्यतींत धिटाई जास्त. चारपैकी मधले दोनच जुवाला असत, कडेचे दोन नुसत्या पट्ट्यांनी जोडलेले. वळणं डावीकडे, म्हणून डाव्या कडेचा घोडा सर्वांत भरवशाचा लागे. सारथी लगाम कमरेला गुंडाळत आणि गाडी उलटलीच तर ते कापायला सुरी बाळगत. मला हा उपाय कमी आणि कबुली जास्त वाटते.

अमेरिकेच्या जॉन रॅरेने 1858मध्ये इंग्लंडात 'क्रूझर' नावाचा खुनशी घोडा वठणीवर आणून नाव कमावलं. मारझोड नाही, पण पुढचा एक पाय पट्ट्याने बांधायचा. निव्वळ मायेचा मार्ग म्हणता येणार नाही. शिवाय त्याच्यासमोर एका वेळी एकच घोडा असे.

पुढच्या काळातली चौकडी म्हणजे मागेपुढे दोन जोड्या, आणि जोडीचं कोडं सोडवलं ते लगामाच्या फाट्याने. डावा लगाम दोन्ही घोड्यांच्या तोंडाच्या डाव्या बाजूला जातो, उजवा उजव्या. त्यासाठी प्रत्येक लगामाचा मुख्य पट्टा आपल्या बाजूच्या घोड्याकडे जातो आणि त्यातून निघालेला फाटा शेजारच्याकडे. फाटे जुनेच होते. पॅरिसमधले इंग्रज गाडीवान एडविन हाउलेट यांच्याकडे शिकलेल्या जर्मन बेन्नो फॉन आखेनबाख (1861–1936) यांनी फाट्यांची मापं आणि हाताळणी नेमकी बसवली. मुख्य पट्ट्याला 11 भोकं. फाट्याचं बक्कल त्यातल्या हव्या त्या भोकात. डावा घोडा फार पुढे पळतो? त्याच्याकडे जाणारा फाटा आखूड करा, उजव्याचा सैल सोडा. हात तसाच राहतो, उतावळा मागे येतो आणि आळशाला ओढावंच लागतं. लगाम डाव्या हातात, उजवा मदतीला आणि चाबकाला.

पुढे ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाचे अध्यक्ष असताना, 1970च्या सुमारास, घोडागाडी स्पर्धांचे नियम ठरले. अडथळ्यांच्या फेरीत आता बरेच चालक दोन्ही हातांनी लगाम धरतात आणि मागचे साथीदार अंगाचा भार टाकून गाडी सांभाळतात. बक्कलं मात्र निघण्याआधीच, कोण कसं ओढतो ते आठवून लावलेली असतात.