हिरड्यांची सूज, तुरट साली आणि मशेरी : पार्श्वभूमी

हिरड्यांतून आपोआप रक्त येणाऱ्या विकाराला सुश्रुतसंहितेत 'शीताद' म्हटले आहे. आधी रक्त काढायचे आणि मग सुंठ, मोहरी, त्रिफळा व नागरमोथ्याचा काढा रसांजन (दारुहळदीचा आटवलेला अर्क) घालून तोंडात धरायचा, असा उपचार तिथे दिला आहे. बाभळीची आणि बकुळीची साल, खैराचा कात, डाळिंबाची साल ही घरगुती औषधेही जुनीच. या सगळ्या तुरट वस्तूंत टॅनिन असते. त्याने वरची ऊती आकसते आणि रक्त थांबते.

सूज नेमकी कशाने येते, हे मात्र 1965 साली डेन्मार्कमधल्या एका प्रयोगाने ठळक केले. निरोगी हिरड्यांच्या माणसांनी दात घासणे बंद केले, तेव्हा दातांवर जंतूंचा थर साचून 10 ते 21 दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे रक्त थांबले तरी थर तसाच असेल, तर सुजेचे कारण तोंडातच राहते.

आपल्याकडे 1992 साली तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर आणि टूथपेस्टवर केंद्राने बंदी घातली, तेव्हा वाद झाला. आमच्याकडे आयुर्वेदिक औषधाचा परवाना आहे, असे उत्पादकांचे म्हणणे. प्रकरण सर्वात वरच्या न्यायालयापर्यंत गेले आणि 1997 मध्ये बंदी कायम झाली. ती योग्यच होती. तंबाखू हे मूळ अमेरिकेतले झाड. पोर्तुगीजांच्या व्यापारातून ते भारतात आले, त्यामुळे प्राचीन संहितांचा आधार त्याला मिळूच शकत नाही. शिवाय निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्त येणे कमी होते. वापरणाऱ्याला वाटते हिरडी बरी झाली; आत दाताभोवतीचे हाड झिजत राहते.

बंदीच्या कक्षेत दुकानातले मंजन आले, मशेरी निसटली. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने हिरड्यांवर फिरवायची, हे काम घरच्या चुलीवर होते. त्याला परवाना लागत नाही. सुरुवात अनेकदा दात किंवा हिरडी दुखते म्हणून होते. पुढे मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोके चढते, आणि दिवसातून चारदा डबी उघडली जाते.

अलीकडच्या काळात भारतातल्या दंत महाविद्यालयांनी कडुनिंब, त्रिफळा, हळद यांच्या अर्कांच्या चाचण्या घेतल्या. तुलना बहुधा क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशक माउथवॉशशी. ते प्रभावी आहे, पण त्याने दात तपकिरी पडतात आणि चव बिघडते, म्हणून पर्यायाचा शोध. बऱ्याच चाचण्या छोट्या, काही आठवड्यांच्या. वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक, हेही खरे नाही: अमेरिकेत ब्लडरूट या झाडाच्या मुळाचा अर्क टूथपेस्टमध्ये आणि माउथवॉशमध्ये वापरत, पण तो वापरणाऱ्यांच्या तोंडात पांढरे चट्टे आढळू लागल्यावर तो मागे पडला.

तुरट अर्क तपासताना केवळ रक्तस्राव मोजून भागत नाही, थरही मोजावा लागतो. आणि तंबाखू वापरणाऱ्यांना अशा चाचण्यांतून बहुधा वगळले जाते. म्हणजे मशेरी लावणाऱ्या बाईच्या हिरड्यांवर या अर्कांचा काय परिणाम होतो, हे त्या चाचण्यांवरून सांगता येत नाही.