आयती की बनवून घेतलेली? शिकारी रायफलीच्या वादाची पार्श्वभूमी

शिकारी रायफल दुकानातून आयती घ्यावी की कारागिराकडून बनवून घ्यावी, हा शिकाऱ्यांचा जुना वाद. त्याची सुरुवात लष्करी रायफलीपासून होते. जर्मन लष्कराने १८९८ साली माउझर रायफल स्वीकारली. तिचा बोल्ट (हाताने मागे-पुढे सरकवून काडतूस भरायचा दांडा) इतका भरवशाचा होता की शिकाऱ्यांची नजर तिच्यावर गेली नसती तरच नवल. लंडनची रिग्बी कंपनी माउझरचा मूळ सांगाडा (बोल्ट बसतो तो लोखंडी भाग) जर्मनीहून मागवायची आणि त्यावर आपल्या पद्धतीने नळी नि अक्रोडाचा दस्ता चढवायची. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला भेट मिळालेली .२७५ मापाच्या काडतुसाची रिग्बी याच घराण्यातली. म्हणजे साहेबाची ‘खास’ रायफलही आतून लष्करी धाटणीचीच! (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा बसला; हा वाद रंगला तो मुख्यतः अमेरिकेत.)

तिथले कारखाने पहिल्या महायुद्धापर्यंत शिकाऱ्यांना मुख्यतः लिव्हरच्या, म्हणजे खालची कडी ओढून काडतूस भरायच्या रायफली विकत. बोल्टची चांगली शिकारी रायफल हवी, तर लष्कराची १९०३ ची स्प्रिंगफील्ड घ्यायची आणि कारागिराकडे द्यायची. थिओडोर रूझवेल्टने तशी एक करवून घेतली आणि १९०९ मध्ये आफ्रिकेला नेली. १९२३ मध्ये न्यूयॉर्कला ‘ग्रिफिन अँड होव’ ही अशा रायफली बनवून देणारी कंपनी सुरू झाली. त्यातला ग्रिफिन मूळचा फर्निचर करणारा. तेव्हा बनवून घेणं ही हौस कमी आणि नाइलाज जास्त होता. विंचेस्टर या अमेरिकी कंपनीने १९२५ मध्ये मॉडेल ५४ आणि १९३६ मध्ये मॉडेल ७० आणलं, तेव्हा कुठे दुकानातून उचलावी अशी बोल्ट रायफल मिळू लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर सगळंच उलटलं. युद्धातल्या जुन्या रायफली टपालाने, मातीमोल भावात घरपोच येऊ लागल्या आणि गल्लोगल्ली हौशी कारागीर उगवले. पण माउझरवर दुर्बीण बसवायची तर बोल्टचा दांडा उचलताना तिला आपटतो. तो कापून, खाली वाकवून पुन्हा जोडावा लागे. मागचा सेफ्टीचा खटकाही दुर्बिणीला अडतो, म्हणून तोही बदला. मग नवा दस्ता. लोखंडाला काजळी फासायची, ते लाकडात दाबून उचलायचं आणि जिथे काळा डाग उमटेल तेवढंच खरवडायचं. असं शेकडो वेळा. स्वस्तात मिळालेली रायफल या मजुरीने आयतीपेक्षा महाग पडे, हे बहुतेकांना काम निम्म्यावर आल्यावरच कळत असणार.

१९६३ मध्ये केनेडींवर झाडलेली रायफलही अशीच टपालाने मागवलेली, इटालियन लष्कराची जुनी कार्कानो होती. १९६८ च्या कायद्याने ही टपालविक्री बंद झाली.

तोवर कारखान्यांनीही खर्चाला कात्री लावली होती. रेमिंग्टन या दुसऱ्या कंपनीचं ७०० हे मॉडेल १९६२ मध्ये आलं. स्वस्तात बनणारं, तरी नेमबाजीत चोख. विंचेस्टरने मात्र १९६४ मध्ये मॉडेल ७० मधला माउझरच्या धाटणीचा, काडतूस पकडून ठेवणारा पंजा काढला आणि दस्त्यावरची कोरीव जाळी साच्याने दाबून उमटवली. शिकारी खवळले. ‘१९६४ च्या आधीची’ ही तेव्हापासून एक वेगळी जातच झाली.

तरी आयती आणि बनवून घेतलेली यांतली रेघ पुसटच. जॅक ओ’कॉनर या शिकारलेखकाची लाडकी .२७० काडतुसाची रायफल घ्या. ती दुकानातून घेतलेली साधी मॉडेल ७०. अल बीसेन या कारागिराने तिला नवा दस्ता घातला. आज १९६४ च्या आधीची मॉडेल ७० हाती लागली, की कित्येकजण ती तशीच वापरण्याऐवजी तिच्या सांगाड्यावर नवी रायफल बांधून घेतात.