बॉल कधी पकडायचा, कधी ठोसायचा: गोलकीपर आणि त्यांच्या पालकांसाठी

आमच्याकडे फुटबॉलचं गोलकीपिंग शिकायला येणाऱ्या मुलामुलींचे पालक सुरुवातीला हमखास विचारतात, की बॉल हाताच्या टप्प्यात असताना त्याला ठोसा कशाला मारायचा, सरळ पकडत का नाही? प्रश्न रास्त आहे. पकडता येण्यासारखा बॉल पकडायचाच, हे आम्हीही पहिल्या दिवसापासून सांगतो. बॉल हातात आला की हल्ला तिथेच संपतो. ठोसलेला बॉल मात्र खेळात राहतो, आणि तो पुढे कोणाच्या पायाशी जाईल हे सांगता येत नाही.

तरीही पंच, म्हणजे मुठीने मारलेला ठोसा, शिकवावाच लागतो. कॉर्नर (मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेली किक) किंवा उंच क्रॉस (कडेवरून गोलसमोर टाकलेला बॉल) येतो तेव्हा गोलसमोर गर्दी असते. कीपर हात वर नेतो, तेवढ्यात कोणाचा तरी खांदा लागतो. त्यातून पाऊस असेल तर बॉल निसरडा. हातातून सुटलेला बॉल गोलपासून दोन-तीन पावलांवर पडतो, आणि तिथे उभ्या असलेल्या फॉरवर्डला त्याला नुसता पाय लावायचा असतो. अशा वेळी मुठीने लांब घालवलेला बॉल कधीही बरा. सोव्हिएत संघाचे लेव याशिन गर्दीतले बॉल बेधडक ठोसून काढत. १९६३ चा बॅलन डी'ओर, म्हणजे युरोपातल्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, त्यांना मिळाला. तो मिळवणारे ते आजवरचे एकमेव गोलकीपर. तेव्हा पंच मारणारा कीपर घाबरट किंवा कच्च्या हातांचा, हा समज मनातून काढून टाका.

आधी निर्णय

सरावात आमचा सर्वांत जास्त वेळ इथेच जातो. बॉल हवेत असतानाच कीपरने ठरवायचं: मी तिथवर पोहोचतो का? पोहोचत नसेन, तर गोलरेषेजवळच थांबायचं. पोहोचत असेन आणि दोन्ही हात मोकळे वर जाणार असतील, तर पकडायचं. मध्ये कोणी येणार असेल, तर ठोसायचं. एकदा ठरलं की ‘कीपर!’ अशी खणखणीत हाक द्यायची आणि निघायचं. अर्ध्या वाटेत थांबणं सगळ्यांत महाग पडतं. पकडू की मारू या घोळात बोटं अर्धवट मिटलेली राहतात आणि नेमकी तीच दुखावतात.

मूठ आणि उडी

बोटं घट्ट मिटा. अंगठा बाहेर, बोटांना टेकलेला. मुठीच्या आत अंगठा घालण्याची सवय अनेक मुलांना असते. ती आम्ही पहिल्याच सत्रात मोडतो, कारण अंगठा मोडण्याचा तो सरळ रस्ता आहे. दोन्ही मुठी शेजारी-शेजारी जुळवल्या की पुढे एक सपाट पृष्ठभाग तयार होतो. बॉल त्यावर बसला पाहिजे, एकट्या टोकदार सांध्यावर नाही. सांध्यावर बसलेला बॉल कुठेही उडतो.

कोपरं छातीजवळ वाकवलेली, मनगटं ताठ, आणि फटका आखूड. लांबून हात फिरवला की नेम चुकतो. धावत येऊन एका पायावर उडी घ्यायची, दुसरा गुडघा वर. त्याने उंची मिळते आणि अंगही झाकलं जातं. मात्र गुडघा समोरच्याच्या अंगात घालणं हा फाउल आहे, आणि तो आम्ही सरावातही चालू देत नाही. बॉलच्या मध्याच्या किंचित खाली मारा. तो उंच गेला तर बचावपटूंना सावरायला अवधी मिळतो.

समोरून येणारा बॉल दोन मुठींनी परतवायचा, शक्यतो कडेच्या बाजूला. पेनल्टी बॉक्सच्या मधोमध पडलेला पंच म्हणजे प्रतिस्पर्ध्याला दिलेला पास. गोलसमोरून आडवा जाणारा बॉल एका मुठीने त्याच दिशेने आणखी पुढे ढकलायचा. त्याची दिशा उलटवण्याइतका जोर एका हातात क्वचितच असतो. आणि बॉल डोक्यामागे पडत असेल तर मूठ विसरा, उघड्या तळव्याने तो क्रॉसबारवरून बाहेर काढा.

आम्ही शिकवतो कसं

सुरुवात गुडघ्यांवर बसून, प्रशिक्षकाने हातात धरलेल्या बॉलपासून. मग हलका फोमचा बॉल, मग फेकलेला, मग धावत येऊन उडी. त्यानंतर मध्ये एक जण नुसता उभा राहतो, पुढे तो पॅड घेऊन धक्के देतो. खरा कॉर्नर सगळ्यांत शेवटी. लहान मुलांना आम्ही ४ नंबरचाच बॉल देतो. त्याचं वजन ३५० ते ३९० ग्रॅम असतं, तर ५ नंबरचं ४१० ते ४५०. कोवळ्या मनगटाला हा फरक चांगलाच जाणवतो. पुढची पायरी मनगटं तयार झाल्यावरच येते. कृपया घाई करायला सांगू नका.

ठोसा मारून काम संपत नाही. जमिनीवर येताच पाय सावरायचे, डिफेंडरना ‘बाहेर!’ म्हणून पुढे काढायचं आणि परत येणाऱ्या बॉलसाठी गोलकडे सरकायचं. मुलं हेच सर्वाधिक विसरतात. स्वतःचा पंच बघत उभी राहतात आणि डोक्यावरून गोल होतो.

पालकांना विनंती

मॅचमध्ये कडेवरून ‘पकड! पकड!’ असं ओरडू नका. निर्णय तिचा किंवा त्याचा असू द्या. तुमच्या आवाजाने तो नेमका उडीच्या क्षणी बदलतो. निर्णय चुकला तर पुढच्या सत्रात आम्ही त्यावर बसून बोलतो.

ग्लोव्हज घेताना मूठ पूर्ण मिटते का ते दुकानातच घालून बघा. बोटांना आधार देणाऱ्या पट्ट्यांचे ग्लोव्हज काही वेळा इतके ताठ असतात की लहान हाताची मूठ सपाट होतच नाही. पट्ट्या काढता येणारे असतील तर उत्तम. नखं कापलेली, अंगठ्या आणि कडी काढलेली. अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात दुखत असेल तर सराव सुरू होण्याआधी सांगा, त्या दिवशी पायांचं काम घेऊ. सूज असेल तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ग्लोव्हज चढवायचे नाहीत.