लिनक्स आणि प्रिंटर: जुनं भांडण कुठून आलं?

खानापूर-निपाणीकडच्या झेरॉक्स दुकानात जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली की पहिली तक्रार प्रिंटरची. काउंटरवरचा जुना लेझर ढिम्म हलत नाही. नवा वायफाय प्रिंटर आणला, तर तोच कॉम्प्युटर त्याला काही न विचारता ओळखतो.

खरं तर लिनक्स ज्या जुन्या युनिक्स सिस्टिमच्या धर्तीवर बेतलं, तिचा जन्मच कागदाच्या कामासाठी झाला म्हणायला हरकत नाही. मजकुराची मांडणी करून देतो असं सांगून बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या मंडळींनी पीडीपी-११ हे मशीन पदरात पाडून घेतलं, आणि १९७१ मध्ये पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते तिथल्याच पेटंट विभागाचं. पुढं युनिक्सची दोन घराणी झाली, आणि छपाईची यंत्रणा ज्याची त्याची वेगळी. बर्कले विद्यापीठवाल्यांचं एलपीआर, तर एटी अँड टी कंपनीच्या सिस्टिम फाइव्हवाल्यांचं एलपी. प्रिंटरची माहिती ठेवणाऱ्या बर्कलेच्या प्रिंटकॅप फाइलीत दोन-दोन अक्षरी खुणा आणि त्यांच्यामध्ये कोलन. एखादा कोलन चुकला की बसा शोधत.

या यंत्रणा काम रांगेत लावायच्या, बस्स. पान कसं उमटायचं ते प्रत्येक प्रिंटरच्या आपापल्या बोलीवर अवलंबून. १९८४ च्या पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेनं त्यावर उपाय काढला: अक्षरांचे संकेत धाडण्याऐवजी अख्ख्या पानाचं चित्रच वर्णन करून पाठवायचं. ही भाषा न कळणाऱ्या साध्या प्रिंटरांसाठी त्या वर्णनाचं चित्र करायचं काम १९८८ पासून घोस्टस्क्रिप्ट हा प्रोग्राम कॉम्प्युटरवरच करू लागला. आपल्याकडे याचं मोल जास्त. बेळगावच्या दुकानात सकाळी कन्नड अर्ज, दुपारी मराठी लग्नपत्रिका. पान चित्र म्हणून गेलं की प्रिंटरला दोन्ही लिप्या सारख्याच.

१९९७ मध्ये मायकेल स्वीट यांनी कप्स हे युनिक्स-लिनक्ससाठीचं छपाईचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं; १९९९ मध्ये ते बाहेर आलं. इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल (आयपीपी) या, नेटवर्कवरून प्रिंटरशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीवर उभं, आणि ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर ब्राउझरमधूनच जोडणी. अ‍ॅपलनं २००२ मध्ये ते मॅकमध्ये घेतलं, २००७ मध्ये विकतच घेतलं. तरी ड्रायव्हरचं, म्हणजे प्रिंटरची बोली कॉम्प्युटरला शिकवणाऱ्या प्रोग्रामचं, दुखणं राहिलंच. स्वस्त प्रिंटरांत पान तयार करायची अक्कलच नसते, ते काम विंडोजमधल्या ड्रायव्हरवर सोडलेलं. कंपनीनं लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला नाही की विषय संपला. काउंटरवरचे जुने लेझर बहुतेक याच जातीचे.

सुटका केली ती मोबाइलनं! फोनमध्ये दर प्रिंटरचा ड्रायव्हर कोण भरणार? अ‍ॅपलच्या २०१० च्या एअरप्रिंट या ड्रायव्हरविना छापायच्या सोयीपासून प्रिंटर आपली माहिती आपणच सांगू लागले. २०१३ मध्ये त्याच धर्तीवर आयपीपी एव्हरीव्हेअर हे सगळ्या कंपन्यांसाठीचं खुलं मानक आलं. लिनक्सला हे जवळजवळ फुकटात मिळालं.

आता कप्समधून जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर काढून टाकायचं ठरलं आहे. जुन्या प्रिंटरांसाठी 'प्रिंटर अ‍ॅप्लिकेशन' नावाचा छोटा प्रोग्राम मध्ये बसतो आणि कप्सपुढं नव्या प्रिंटरचं सोंग घेतो. पण त्यालाही आत तो ड्रायव्हर लागतोच. म्हणून दुकानासाठी सेकंडहँड प्रिंटर घेताना किमतीआधी तो एअरप्रिंटवाला आहे का, ते विचारावं.