हेल्मेट कोणी द्यायचं?

मजूर जिथे रोजच्या कामाची वाट बघतात त्या नाक्यावर “पेटी मिळाली का?” असं कुणी विचारलं, की बोलणं सुरक्षा संचाचं आहे हे सगळ्यांना कळतं. पत्र्याच्या पेटीत हेल्मेट, बूट, जॅकेट, सेफ्टी बेल्ट, शिवाय चटई, मच्छरदाणी, डबा. नोंदणी झालेल्या बांधकाम कामगाराला ती कल्याण निधीतून मिळते. ती त्याच्या हक्काची आहेच. पण ती आल्यापासून दुसऱ्या कुणाची तरी जबाबदारी हळूच जागची हलली.

१९४८चा कारखाने कायदा बांधकामाच्या साइटला लागू नव्हता. १९७०नंतर नवी मुंबईचे नोड, म्हणजे उपनगरं, उभे करणाऱ्या बिगाऱ्यांच्या वाट्याला मुख्यतः १९२३चा भरपाई कायदा होता, म्हणजे माणूस पडल्यावर जागा होणारा. बांधकामासाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा १९९६ साली झाला. महाराष्ट्राचे नियम यायला २००७ उजाडलं, कल्याण निधी सांभाळणारं मंडळ २०११मध्ये आलं.

या व्यवस्थेला दोन अंगं होती. परांची, जाळी, लिफ्टची तपासणी, हेल्मेट हे काम करून घेणाऱ्याने बघायचं. आणि बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकरातून मुलांची शिष्यवृत्ती, आजारपण, मृत्यूनंतरची मदत द्यायची. हेल्मेट पहिल्या अंगातलं. संच वाटण्याच्या निर्णयाने ते दुसऱ्यात आलं. निर्णयाच्या बाजूने सांगतात की नाका कामगाराचा मालक रोज बदलतो, एका दिवसाच्या प्लास्टरसाठी बूट कोण देणार? मुद्दा खरा आहे. पण तीस-चाळीस मजली टॉवरवरचा ठेकेदारही “पेटी आहे ना तुझी, घालून ये” म्हणू लागला, तर कायद्यातली जबाबदारी कामगाराच्याच डोक्यावर येते.

नवी मुंबईतल्या घणसोलीत एका सेंट्रिंगवाल्याने, म्हणजे स्लॅबचा साचा बांधणाऱ्याने, मला त्याचा बेल्ट दाखवला होता. प्लास्टिकच्या पिशवीत, घडीही न मोडलेला. “हुक कशाला लावू? वर दोरीच नाय.” ती दोरी, म्हणजे लाइफलाइन, पेटीत देता येत नाही. ती इमारतीवरच ताणावी लागते.

एप्रिल २०१३मध्ये ठाण्यात शीळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ७४ जण गेले. त्यात तिथेच राहणारे मजूर होते, त्यांची मुलं होती. नंतरची चर्चा मात्र जवळजवळ सगळी अनधिकृत बांधकामांवर गेली, मजुराला अर्धवट इमारतीत राहावं का लागतं यावर फार थोडी. १० सप्टेंबर २०२३ला ठाण्यातल्या बाळकूमच्या चाळीस मजली इमारतीत गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग उरकून खाली येताना बांधकामाची लिफ्ट कोसळली आणि सात कामगार गेले. लिफ्ट सांभाळणं हे तर पूर्णपणे साइट चालवणाऱ्याचं काम.

२१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या आणि १९९६ची ती दोन अंगं वेगळी झाली. उपकर आणि कल्याण सामाजिक सुरक्षा संहितेत गेलं, साइटवरची सुरक्षा व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत. हेल्मेट, जाळी, लिफ्ट व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेतच येतात.