सीबीएसई आणि ‘सीबीएसई पॅटर्न’: पुण्यात घर बघण्याआधी एवढं वाचा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मार्च उजाडला की एक मेसेज ठरलेला. “जूनमध्ये पुण्यात शिफ्ट होतोय. मुलगी सातवीत जाईल. वाकड-पुनावळे भागातली चांगली सीबीएसई शाळा सुचवा.” मग भराभर नावं पडतात. त्यातल्या तीन-चार शाळा सीबीएसईच्या नसतातच, ‘सीबीएसई पॅटर्न’च्या असतात. हे सांगितलं की लगेच उत्तर येतं, “एकच ना ते?”

एकच नाही. दर वर्षी तेच टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

स्टेट बोर्ड, सीबीएसई, आयसीएसई यांतला फरक तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. नसेल तर इयत्ता दुसरीतल्या कुठल्याही मुलाच्या आईला विचारा, तासभर सांगेल. शाळेच्या नावातल्या ‘इंटरनॅशनल’, ‘ग्लोबल’, ‘टेक्नो’ या शब्दांनी बोर्ड ठरत नाही, हेही सांगून मोकळी होते. ते शब्द पाटी रंगवणाऱ्याच्या कामाचे.

आता ‘पॅटर्न’. या शब्दावर आपला जुना जीव आहे. लातूर पॅटर्नने तो घरोघरी पोचवला. पण एक गोष्ट आठवून बघा: लातूर पॅटर्नची मुलं दहावी-बारावीचा पेपर राज्य मंडळाचाच लिहीत होती. पॅटर्न होता तो शिकवण्याचा, सराव करून घेण्याचा. परीक्षा कोणाची, हे त्या शब्दात कुठेच नव्हतं. ‘सीबीएसई पॅटर्न’चंही तसंच आहे. शाळेत एनसीईआरटीची (ही शालेय पुस्तकं काढणारी केंद्र सरकारची संस्था) किंवा तशा धर्तीची खासगी प्रकाशकांची पुस्तकं लावली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. एनसीईआरटीची पुस्तकं तर त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. उद्या मी माझ्या हॉलमध्ये चार पोरं बसवून ती शिकवली, तर माझा हॉलही पॅटर्नचा होईल.

संलग्नता, म्हणजे मंडळाने त्या शाळेला आपली शाळा म्हणून दिलेली मंजुरी, हा कागद असतो. लोक अडकतात ते इथेच, कारण शाळेकडे असे कागद दोन असतात आणि पालक एक बघून समाधानाने घरी जातात. पहिला कागद राज्य सरकारच्या मान्यतेचा. उपनगरांतल्या बहुतेक नव्या शाळा २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याखाली निघालेल्या आहेत, त्यांना ही मान्यता घ्यावीच लागते. (ती नसलेल्या शाळाही असतात. त्यांची ‘अनधिकृत शाळां’ची यादी प्रवेशाच्या सुमाराला जाहीर होते, ती आधी बघा.) दुसरा कागद सीबीएसईच्या संलग्नतेचा, आणि तो दिल्लीच्या मंडळाकडून येतो. पहिला असल्याशिवाय दुसरा मिळत नाही. पहिला असला म्हणून दुसरा असतोच असंही नाही.

“नंबर दाखवा” म्हटलं की ऑफिसातली बाई हसतमुखाने अकरा आकडी नंबर लिहून देते. तो २७ ने सुरू होत असेल तर तो यूडायस नंबर, म्हणजे सरकारी नोंदीत प्रत्येक शाळेला मिळणारा क्रमांक. तो आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेलाही आहे. सीबीएसईचा संलग्नता क्रमांक सात आकडी असतो आणि महाराष्ट्रातल्या शाळांचा ११३ ने सुरू होतो. तो घ्यायचा आणि सीबीएसईच्या ‘सारस’ पोर्टलवर घालून बघायचा. तिथे शाळेचं नाव, पत्ता, दहावीपर्यंत की बारावीपर्यंत आणि कधीपासून कधीपर्यंत, सगळं दिसतं. पत्ता शब्दन् शब्द वाचा. एकाच नावाच्या शाळा शहरात चार ठिकाणी असतात, त्यातली एक संलग्न असते आणि बाकीच्या तिच्या नावावर जगतात. संलग्नता त्या पत्त्यावरच्या शाळेला असते, लोगोला नसते.

आणि हे सगळं करायचं कशासाठी? नववीसाठी. सीबीएसईच्या दहावीच्या परीक्षेची नोंदणी मूल नववीत असतानाच होते, आणि ती संलग्न शाळाच करू शकते. थेट दहावीत घुसायचं म्हटलं तर पालकांच्या बदलीसारखं कारण लागतं आणि मंडळाची परवानगी लागते. त्यामुळे आठवीपर्यंत पॅटर्नची शाळा आणि खरी सीबीएसई शाळा यांत वरून काही फरक कळत नाही. तोच गणवेश, तीच पुस्तकं, तीच फी. आठवी संपली की कळतो.

माझा धाकटा भाऊ २०२२ मध्ये अमरावतीहून बदली होऊन इकडे आला तेव्हा भाची सहावीत जात होती. बिल्डरच्या माहितीपत्रकात ‘सीबीएसई शाळा ५ मिनिटांवर’ असं छापलेलं होतं. शाळेत विचारलं तर “सीबीएसईच आहे सर, निश्चिंत राहा.” भाऊ निश्चिंत राहिला आणि फ्लॅट बुक केला. दोन वर्षांनी आठवीच्या पालकसभेत सांगितलं गेलं की नववीचे वर्ग इथे नाहीत. ‘प्रोसेस सुरू आहे’, तोवर मुलांना आमच्या दुसऱ्या शाखेत पाठवा. ती शाखा शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्या रात्री त्याने मला फीची पावती आणून दाखवली. वर शाळेच्या नावाखाली लाल अक्षरांत ‘सी. बी. एस. ई.’, दोन बोटं उंच. आणि त्याच्या कडेला, मुंगीएवढ्या अक्षरांत, ‘पॅटर्न’. दोन वर्षं ती पावती फाइलला लावत होता, तो शब्द एकदाही दिसला नव्हता. आता स्वतःचा फ्लॅट भाड्याने देऊन तो दुसऱ्या शाळेजवळ भाड्याच्या घरात राहतो.

हे नव्या भागांतच का होतं, त्याचंही कारण साधं आहे. रावेत, पुनावळे, मोशी, वाघोली या भागांत आधी इमारती आल्या, मग शाळा. शाळा नर्सरी ते तिसरी अशी उघडते आणि दर वर्षी एक इयत्ता वर चढते. तुमचं मूल शाळेच्या सगळ्यात वरच्या वर्गात असेल, तर त्याच्या पुढची इयत्ता अजून जन्मालाच आलेली नाही. तिथे सगळा भरवसा ‘अर्ज केलाय’ या दोन शब्दांवर असतो. मूल पहिली-दुसरीत असेल तर मी फार घाबरवणार नाही, हातात वेळ आहे. पाचवीच्या पुढे असेल तर ‘अर्ज केलाय’वर एक रुपयाही भरू नका.

ऑफिसात जाऊन मी एकच प्रश्न विचारते: “तुमची दहावीची पहिली बॅच कधी बाहेर पडली, आणि त्यांच्या मार्कशीटवर वर कोणाचं नाव आहे?” बॅचच पडलेली नसेल तर समोरचा माणूस लगेच स्विमिंग पूल दाखवायला नेतो.

“पॅटर्नमध्ये शिकून नववीत स्टेट बोर्डाला आलं तर काय बिघडलं?” असंही विचारतात. बिघडत काही नाही, पण हिशोब बदलतो. सीबीएसईला दहावीत दोन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्र. राज्य मंडळाला तीन भाषा, बीजगणित-भूमितीचे वेगळे पेपर, विज्ञानाचे दोन, इतिहास आणि भूगोलही वेगळे. एकूण ६०० गुण. आठ वर्षं मराठीकडे ‘थर्ड लँग्वेज’ म्हणून बघितलेलं मूल अचानक उपयोजित लेखनासमोर बसतं. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांचीही तारांबळ उडते. माझं मत विचाराल तर पॅटर्नच्या शाळेपेक्षा सरळ स्टेट बोर्डाची जुनी, दर वर्षी दहावीचे निकाल लावणारी शाळा कधीही बरी. ती निदान जे आहे ते सांगते.

त्यात २०२५ मध्ये सरकारनेच ‘राज्यातल्या शाळांत सीबीएसई पॅटर्न’ जाहीर केला आणि २०२५-२६ पासून पहिलीपासून सुरुवात केली. झालं, ग्रुपवर पुन्हा गोंधळ: “आता सगळंच सीबीएसई ना?” नाही हो. पुस्तकं त्या धर्तीवर, परीक्षा आणि प्रमाणपत्र राज्य मंडळाचंच. पुन्हा तोच शब्द, पुन्हा तोच घोळ.

घराबद्दल मी हट्टी आहे. आधी शाळा पक्की करायची, मग तिच्याजवळ अकरा महिन्यांच्या करारावर घर घ्यायचं. पहिल्या वर्षी विकत घेऊ नये. ‘शाळा चार किलोमीटर’ हे नकाशावर ठीक आहे. मंगळवारी सकाळी पावणेआठला भुमकर चौकात दहा मिनिटं उभे राहा, किलोमीटर मोजणं आपोआप सुटेल.

तारखांचंही भान ठेवा. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला भरतात, विदर्भात त्याहून उशिरा. तिकडच्या स्टेट बोर्डाच्या शाळेतून मूल इकडे सीबीएसईत आणताय आणि मे महिन्यात ‘जूनपासून येतो’ म्हणताय, तर इकडे तोवर दीड-दोन महिन्यांचे धडे उरकलेले असतात. शाळा सोडल्याचा दाखला स्वतः जाऊन आणा आणि नाव, आडनाव, जन्मतारीख आधार कार्डाशी तिथेच, खिडकीसमोर उभं राहून ताडून बघा. भावाच्या दाखल्यावर भाचीच्या आडनावात एक वेलांटी चुकली होती, आणि तिच्यासाठी त्याला अमरावतीची आणखी एक फेरी पडली.