तिसरी बंदूक, गावठी कट्टा आणि काडतूस

1878 चा ब्रिटिश शस्त्र कायदा उठावाच्या धास्तीतून आला होता. 1959 च्या कायद्याने तो मोडीत काढला, पण परवाना पद्धत राहिली. 1983 मध्ये एका माणसाकडे जास्तीत जास्त तीन बंदुका अशी मर्यादा आली.

वाद पेटला तो 2019 मध्ये. तीनवरून थेट एकच बंदूक असा मूळ प्रस्ताव होता. वडिलोपार्जित बंदुका सांभाळणारी घराणी आणि नेमबाज यांनी कडाडून विरोध केल्यावर मर्यादा दोनवर ठरली. नेमबाजांची सोय वेगळी राहिली. तिसरी बंदूक वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची होती. त्याच दुरुस्तीत बेकायदा शस्त्रं बनवणं-विकणं यासाठी जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली गेली. या दोन गोष्टी एका विधेयकात बांधल्यामुळेच घोळ झाला. आजोबांची बारा बोअरची बंदूक आणि टोळीकडचं पिस्तूल जणू एकाच वाटेने येतं, असा समज पसरला.

प्रत्यक्षात जप्तीच्या आकडेवारीत वर्षानुवर्षं विनापरवाना, गावठी बनावटीची शस्त्रंच बहुसंख्य असतात. बिहारचं मुंगेर त्यासाठी जुनं बदनाम. आपल्याकडचा माग बऱ्याचदा उमर्टीला पोचतो. मध्य प्रदेशाच्या बडवानी जिल्ह्यातलं हे गाव जळगावच्या चोपडा तालुक्याला खेटून आहे. तिथल्या भट्टीवर पिस्तूल घडतं तेव्हा कोणी परवाना विचारत नाही. म्हणून तिसरी बंदूक जमा करून घेतल्याने कट्टा दुर्मीळ होईल, हा युक्तिवाद मला पटत नाही. लग्नातला गोळीबार, घरातल्या भांडणात किंवा आत्महत्येत हाती आलेली परवान्याची बंदूक, यांसाठी मर्यादेला अर्थ आहे. ते कारण उघडपणे मांडायला हवं होतं.

कायदेशीर मालकी आणि गुन्हेगार यांचा खरा सांधा काडतुसात आहे. कट्टा गावात बनतो, काडतूस सहसा कारखान्यातलंच लागतं. .315 बोअरचे कट्टे इतके बोकाळले, कारण त्या मापाचं काडतूस परवानाधारकाला दुकानात मिळतं. वर्षाचा कोटा उचलायचा, कागदावर ‘सरावात वापरली’ दाखवायचं आणि उरलेली विकायची, ही गळती पोलिसांना नवी नाही. काही ठिकाणी रिकाम्या पुंगळ्या दाखवल्याशिवाय नवी काडतुसं देत नाहीत. बंदुकांच्या संख्येवरून एवढी भांडणं झाली, त्या मानाने या नियमावर फार थोडं बोललं गेलं.